आईचं 'नको'

आईचं बोलणं मोडलं ते सकाळी, पाणी गाळताना. आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी पीत नाही. नळाला फिल्टर बसवून वर्षं झाली तरी आईचं घागरीवरचं फडकं काही सुटलं नव्हतं. मी ओट्याशी भाकरी थापत होते आणि कॉलेजला उशीर होणार म्हणून मनातल्या मनात करवादत होते. मागून आईचा आवाज आला, "फडकं... पाणी... मी..." आणि ती थांबली. पुढचं काय, म्हणून मी विचारलं. तिनं पुन्हा सुरुवात केली. "मी पाणी. फडकं मी." तिन्ही शब्द बरोबर होते, पण त्यांना एकमेकांशी बांधणारं काहीही त्यांच्यात नव्हतं. मी वळले तेव्हा घागर तिच्या उजव्या हातातून निसटत होती आणि ती त्या हाताकडं, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी, बघत होती.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती, जीव वाचला हे नशीब. हळूहळू धरून चालेल, उजवा हात फारसा परतणार नाही. बोलण्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बघू. 

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. व्याकरणाचा तास म्हणजे पोरांना शिक्षा आणि मला रोजचीच हमाली. मी फळ्यावर 'मांजर', 'उंदीर', 'खाल्ला' असे तीन शब्द लिहायची आणि विचारायची, कोणी कोणाला खाल्लं? पोरं म्हणायची, मॅडम, हे काय विचारणं झालं, मांजरानं उंदराला. मी म्हणायची, ते तुम्हाला मांजर माहीत आहे म्हणून. शब्दांनी सांगितलंय का? शब्द नुसते शेजारी उभे राहिले म्हणून त्यांचं नातं लागत नाही, प्रत्यय लागला की लागतं. पोरं माना डोलवायची आणि बाकाखाली मोबाइल बघायची. खरं सांगायचं तर मीही ते पाठ केल्यासारखंच बोलत असायची.

दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी माझा धाकटा भाऊ जयसिंगपुराहून आला. त्याचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान आहे. धाकटा असला तरी घरात सगळे त्याला अण्णाच म्हणतात. तो दारात चपला काढत होता तेवढ्यात आई मला म्हणाली, "अण्णा... मी... मार." अण्णाचा चेहरा उतरला. जन्मात त्यानं आईशी आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही. "मी कधी मारलं गं तुला?" तो कसाबसा म्हणाला. आई तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, रागावून, रडवेली होऊन. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिला 'अण्णाला हाक मार' म्हणायचं होतं. तो समोर उभा होता आणि ती त्यालाच बोलवायला सांगत होती. आम्ही दोघं हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं. फळ्यावरचं मांजर आमच्या घरात शिरलं होतं, आणि कोण कोणाला खाणार ते आता शब्दांवरून कळणार नव्हतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक स्पीच थेरपिस्ट यायची. पुण्याची होती, नवीन लग्न होऊन इथं आलेली. चित्रांची कार्डं दाखवायची आणि आईकडून नावं वदवून घ्यायची. सुरुवातीला एकदा ती मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली की आईंचं लिंगही चुकतंय, त्या 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. मी तिला म्हटलं, बाई, हे दुखणं नव्हे, हे कोल्हापूर आहे. इथं आम्ही सगळ्याच बायका आलो आणि गेलो करतो, मीसुद्धा घरात तसंच बोलते, फक्त वर्गात 'आले', 'गेले' म्हणते. ती बिचारी ओशाळली. आईला काय कळलं कोण जाणे, पण ती खदखदून हसली. त्या हसण्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

प्रत्यय परत आले नाहीत. नावं आली, पण ती जागेवर राहीनात. साखरेचा डबा दाखवला की आई 'मीठ' म्हणायची. अण्णाच्या बायकोला जाऊ म्हणायची, मला सून म्हणायची, काल झालेल्याला उद्या म्हणायची. मी आधी चिडायचे. मग लक्षात आलं की ती वाटेल ते बोलत नाही. साखरेला ती कधी 'खुर्ची' म्हणाली नाही. शब्द चुकायचा तो नेहमी शेजारच्या घरात शिरायचा, आपलं दार समजून बाजूचं दार ढकलावं तसा. पेठ चुकायची नाही, गल्लीही चुकायची नाही. शब्दकोशात आम्ही शब्द अकारविल्हे लावतो, पण माणसाच्या डोक्यात ते असे नात्यागोत्यानं राहतात, एकमेकांच्या भिंतींना टेकून, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं. आणि शिक्षकाची खोड कुठं जाते? मला त्यात गोडी लागली. आज काय चुकली, कोणाच्या घरात शिरली, हे मी थेरपिस्टला मोठ्या उत्साहानं सांगायचे.

तो उत्साह न्हाणीघरात संपला. मी आईला आंघोळ घालत होते. पायावर तांब्या ओतला तशी ती "गार, गार" म्हणाली. मी बंबातलं आणखी कढत पाणी बादलीत घातलं. ती मोठ्यानं ओरडली, "गार!" मी म्हटलं, थांब की जरा, घालतो अजून. आणि घातलं. मग तिच्या पायाकडं बघितलं. पाऊल लालबुंद झालं होतं. मी तिचा पाय गार पाण्यात धरून बसले. तिनं तर सांगितलं होतं, पहिल्या तांब्यापासून सांगत होती.

त्या दिवशी मला कळलं की शेजार म्हणजे काय. आम्ही वर्गात विरुद्धार्थी शब्द फळ्याच्या दोन टोकांना लिहितो, मधे रेघ मारतो. पोरांना वाटतं ते एकमेकांपासून सगळ्यांत लांब आहेत. प्रत्यक्षात त्यांच्याइतकं जवळ कोणीच नसतं. गार आणि गरम यांच्यात एकच भिंत असते, आणि आईच्या डोक्यातल्या त्या भिंती पडत चालल्या होत्या. उघड आणि बंद, ये आणि जा, आत आणि बाहेर. तशी आपल्याला उलट्या शब्दांची सवय असतेच. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो, बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणतो, कारण खरा शब्द उच्चारायची भीती वाटते. पण तिथं आपल्या सगळ्यांचं आपसात ठरलेलं असतं. आईचं कोणाशीच काही ठरलेलं नव्हतं.

आणि मग 'व्हय' गेलं. नेमकं कधी गेलं ते सांगता येणार नाही. पावसाळा सरता सरता माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत आई कशालाच हो म्हणालेली नाही. बाकीचे शब्दही एकेक करून आटत गेले आणि शेवटी एकच हाताशी राहिला, 'नको'. पंखा लावू? नको. बंद करू? नको. अण्णाला फोन लावू? नको, आणि फोन लावला की त्याच्या आवाजानं चेहरा फुललेला. पाणी? नको, आणि तोंड पुढं केलेलं. मी तो शब्द ऐकायचं सोडून दिलं. तिच्या डोळ्यांकडं आणि ओठांकडं बघायला शिकले. तोंड उघडलं तर हवंय, मिटलं तर नकोय. आमचं दोघींचं बरं चाललं होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या तोंडून अखंड यायची, ती म्हणजे णमोकार मंत्र. रोज संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवण झालं की ती डावा हात मांडीवर ठेवून मंत्र म्हणायची, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न अडखळता. थेरपिस्ट म्हणाली की पाठांतर मेंदूत वेगळीकडं असतं, लहानपणी घोकलेलं असं शाबूत राहतं, त्याला बोलणं म्हणता येत नाही. मला ते पटलं. पण ऐकताना अंगावर काटा यायचा हेही खरं.

दिवाळीनंतर आत्या राहायला आली. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी असते. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन देवदर्शन झाल्याशिवाय पाणी तोंडात घेत नाही. कडक आहे, पण आईवर तिचा जीव. वडील गेल्यावर महिनाभर आईच्या शेजारी झोपली होती. दोन दिवस ती आईजवळ बसून होती. जेवण पुढं केलं की आई 'नको' म्हणते, दूध पुढं केलं की 'नको' म्हणते, आणि संध्याकाळी मंत्र मात्र खणखणीत. तिसऱ्या दिवशी तिनं अण्णाला बोलावून घेतलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं, "वैनीला समदं सोडायचं हाय. ती रोज सांगत्या. तुमीच ऐकत न्हाईसा."

आमच्या घराला हे नवीन नव्हतं. माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या सासूनं, सल्लेखना घेतली होती. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. सगळं गाव पाया पडायला आलं होतं. आजी शुद्धीत होती, स्वतःच्या तोंडानं तिनं व्रत मागितलं होतं, आणि आई शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. अंत्ययात्रेनंतर आई आत्याला म्हणाली होती, मरण यावं तर असं. ते आत्यानं ऐकलं होतं, अण्णानं ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. मात्र त्यानंतर तासाभरानं आई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मिरचीच्या खर्ड्याबरोबर भाकरी खात होती आणि जिभेला चटका बसला की डोळे मिटून सुस्कारत होती, ते फक्त मी पाहिलं होतं. त्यातलं खरं कोणतं? मला वाटतं दोन्ही खरं. पण दोन्हीपैकी एकच त्यांना माहीत होतं.

मी भडकले. नाही नाही ते बोलले. आत्याला म्हटलं, आजारी माणसाला उपाशी मारायला निघालात. अण्णाचे डोळे भरून आले. ही माणसं वाईट असती तर सोपं गेलं असतं. त्यांना आईकडून काही नको होतं, तिचं भलंच हवं होतं. तिची शेवटची इच्छा आपल्याच्यानं पुरी व्हायची राहू नये, एवढीच त्यांना धास्ती होती. आणि त्या इच्छेचा रस्ता पहिल्यांदा भाकरी बंद होण्यावरून जात होता, मग दूध, मग पाणी. रोज आईचं तोंड माझ्या चमच्यासाठी उघडत होतं आणि घरात तिचं खाणं थांबवायचं घाटत होतं. भरवायला बसले की मी दार लावून घ्यायला लागले.

अण्णा आणि आत्या गावाकडं मुक्कामी असलेल्या मुनी महाराजांना विचारून आले. महाराजांनी सांगितलं की असं दुसऱ्यांनी ठरवून चालत नाही, ज्याचं व्रत त्यानं समजून उमजून स्वतः मागावं लागतं, आधी तिला नीट विचारा. मला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. विचारा म्हणजे शब्दांतच विचारणार, आणि उत्तर तर ठरलेलं होतं.

अण्णा आणि आत्या रविवारी आले. सकाळीच मी हुग्गी करायला घेतली होती, खपली गव्हाची खीर, गूळ घालून, आईला आवडते तशी मऊ शिजवलेली. आत्या आईच्या पायाशी बसली. तिनं आईचा हात हातात घेतला आणि फार मायेनं विचारलं, "वैनी, आन्न पायजे का आता?" आई म्हणाली, "नको." आत्यानं अण्णाकडं बघितलं. अण्णा खाली बघत होता.

मी म्हटलं, आता उलटं विचारा. आत्याला कळेना. मग मीच विचारलं, आई, अन्न सोडायचं का? "नको." इथून गावाला जायचं का? "नको." इथंच राहायचं का? "नको." अण्णाला तिचा मुलगा म्हणून दाखवलं, हा तुझा आहे ना? "नको," आई म्हणाली आणि डाव्या हातानं त्याचा सदरा ओढून त्याला जवळ बसवून घेतलं. अण्णा हुंदका देऊन रडायला लागला.

"आत्या, मी भरवतो," मी म्हणाले. "तुम्ही कान झाका आणि नुसतं तोंडाकडं बघा."

मी वाटी आणली. पहिला चमचा पुढं केला, आई म्हणाली, "नको," आणि आ केला. दुसरा, नको, आ. गुळाचा ओघळ तिच्या हनुवटीवर आला, तो तिनं जिभेनं टिपायचा प्रयत्न केला. वाटी खरवडून संपली तेव्हा तिनं वाटीत वाकून बघितलं, अजून आहे का म्हणून.  आत्यानं पदरानं आईची हनुवटी पुसली आणि म्हणाली, खाऊ दे की मग. पोटभर खाऊ दे. जाताना ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्या दिवशी मी जितकी खूश होते तितकी नोकरी लागली तेव्हाही नव्हते. थेरपिस्टला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, तिच्या 'नको'कडं लक्ष देऊ नका, त्यात काही नसतं. कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा पढवून ठेवलं. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. आई नको म्हणायची आणि कोणी तिच्याकडं वळूनही बघायचं नाही.

हिवाळा गेला. आई सुकत चालली होती, पण खात होती. मग या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी दूधभात कालवून तिच्याजवळ बसले. दिवस मावळायच्या आत भरवायचं असतं, कारण दिवे लागल्यावर ती काही घेत नाही, आणि खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर चढत चाललं होतं. मी चमचा पुढं केला. "नको," आई म्हणाली. तोंड उघडलं नाही.

दमली असेल असं वाटलं. जरा थांबून पुन्हा चमचा नेला. तिचा डावा हात वर आला आणि तिनं माझं मनगट धरलं. ढकललं नाही की झटकलं नाही, नुसतं धरून ठेवलं. माझ्याकडं बघत तिनं पुन्हा म्हटलं, "नको." आवाज हळू होता, पंगतीत आग्रह करणाऱ्याला पोट भरलेलं माणूस म्हणतं तसा. इतके महिने शब्द एकीकडं आणि चेहरा दुसरीकडं असायचा. आज शब्द, ओठ, डोळे आणि हात सगळे एकच सांगत होते. ते पूर्ण वाक्य होतं, आणि त्याचा कर्ता ती होती.

मला तेवढी भीती त्या वर्षात कधी वाटली नव्हती, घागर पडली तेव्हाही नाही. हे 'नको' खरं असेल, तर ते कधीपासून खरं होतं? आजपासून, का गेल्या महिन्यापासून? आणि आता तिला हे अण्णाला सांगायचं असेल, डॉक्टरांना किंवा महाराजांना सांगायचं असेल, तर ती कशानं सांगणार? तिच्याजवळ एकच शब्द उरला होता आणि त्यात काही नसतं हे मी घरोघरी पटवून आले होते.

ऊन छताला लागलं होतं. मी तिची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली आणि तिचा हात चादरीवर ठेवला. "एवढा एक घास, आई," म्हणाले, आणि लहान मुलाला औषध पाजताना धरतात तशी अंगठ्यानं तिची हनुवटी खाली दाबून चमचा आत घातला. ती थुंकली नाही. घास तोंडात धरून ती माझ्याकडं बघत राहिली. फार वेळानं तिनं तो गिळला. मग मी दुसरा दिला.

दुकान बंद केल्यावर रोजच्यासारखा अण्णाचा फोन आला. मी पलंगाशेजारीच बसले होते आणि आई जागी होती. त्यानं विचारलं, आईनं खाल्लं का?

"खाल्लं की," मी म्हणाले. "नको नको म्हणत खाल्लं."

तो मोकळेपणानं हसला. म्हणाला, "तू हाईस म्हणून बरं हाय, अक्का. आमाला तिचं कळलंच नसतं."